ड्रंक अँड ड्राइव्हमध्ये पकडले गेलात तर : फुंकण्यापासून लायसन्स परत मिळेपर्यंत

रात्री दीडनंतर फोन वाजला की मला अंदाज येतो. "ताई, दाजींना मुंढव्याला अडवलंय. मशीनमध्ये फुंकायला लावलं. पावती किती होईल?"

मी पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात वकिली करते आणि या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं आहे : याची पावती होत नाही. हेल्मेट नव्हतं, सिग्नल तोडला, झेब्रावर गाडी उभी केली, तर मोबाइलवर चलन येतं, ते भरलं की विषय संपतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० मध्ये असे दंड भरून मिटवता येणारे गुन्हे मोजून दिलेत. दारू पिऊन गाडी चालवण्याचं कलम १८५ त्या यादीत नाही. त्यामुळे लोक अदालतीत तडजोड होईल ही आशाही सोडा. प्रकरण कोर्टात जातं आणि कागदावर तुम्ही 'आरोपी' असता. हे पहिल्या रात्री डोक्यात शिरलं तर पुढच्या बऱ्याच चुका टळतात. बहुतेकांच्या डोक्यात ते शिरतं समन्स आल्यावर.

३० चा आकडा म्हणजे नक्की किती दारू

गाडी चालवताना किंवा चालवायचा प्रयत्न करताना १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर गुन्हा झाला. तुम्ही सरळ चालत होता का, बोलताना जीभ अडखळत होती का, याच्याशी कलमाला घेणं नाही. आकडा ओलांडला की पुरे. दुचाकी असो की चारचाकी, कलम एकच.

"एक लार्ज चालतो हो" असं सांगणारा प्रत्येक टेबलावर एक तरी असतो, म्हणून हा ढोबळ हिशेब. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. ६० मिलिलिटरच्या एका लार्जमध्ये ते सुमारे २० ग्रॅम भरतं. ७० किलो वजनाच्या पुरुषाने रिकाम्या पोटी तो घेतला तर आकडा ४० च्या आसपास जातो. ६५० मिलिलिटरची पाच टक्क्यांची बिअर संपवली तर ५० च्या पुढे, आणि तीच बाटली आठ टक्क्यांची स्ट्राँग असेल तर ८० च्याही वर. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे तेवढ्याच दारूत तिचा आकडा आणखी चढतो.

उतरण्याचा वेग तासाला साधारण १५ मिलिग्रॅम. रात्री एक वाजता १५० असलेला माणूस सकाळी आठला हिंजवडीच्या बसऐवजी स्वतःची गाडी काढतो, तेव्हाही त्याच्या रक्तात ४५ च्या घरात असू शकतं. "साहेब, मी काल प्यायलो होतो, आज नाही" हा बचाव म्हणून उपयोगाचा नाही. ताक, लिंबू, काळी कॉफी, मसाला पान, मूठभर बडीशेप यांनी तोंडाचा वास बदलतो, रक्तातला आकडा जागेवर राहतो.

शिक्षा अशी : पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्या आणि पुढच्या प्रत्येक गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० रुपये, किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी पहिल्या गुन्ह्याचा दंड २,००० पर्यंतच होता. सोसायटीतले काका अजून तोच आकडा सांगतात.

गाडीत बसलेल्या बाकीच्यांनी घेतली असेल तर ते या कलमात येत नाहीत. मात्र मित्र तर्र झालाय हे दिसत असताना आपली किल्ली त्याच्या हातात देणाऱ्याने कलम १८८ वाचावं. चिथावणी देणाऱ्याला किंवा मदत करणाऱ्याला मूळ गुन्ह्याचीच शिक्षा आहे.

नाक्यावर

गणवेशातल्या पोलिसाला तुमच्याबद्दल रास्त संशय आला तर कलम २०३ खाली तो श्वासाची चाचणी मागू शकतो. नकार देऊ नका. नकार दिल्यावर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते, आणि कलम २०५ खाली तोच नकार पुढे खटल्यात तुमच्या विरोधात धरला जातो. "मी फुंकलोच नाही, मग पुरावा कुठंय?" असं म्हणणाऱ्याने पोलिसांना एक पुरावा फुकट दिलेला असतो.

दोन गोष्टी मात्र शांतपणे मागा. एक, मशीनला नवी नळी. ती तुमच्यासमोर पाकिटातून निघाली पाहिजे. दुसरी, तुम्ही नुकताच घोट घेतला असेल, अल्कोहोल असलेल्या माउथवॉशने चूळ भरली असेल किंवा तसं खोकल्याचं औषध घेतलं असेल तर ते तिथेच सांगा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा चाचणी घ्यायची विनंती करा. तोंडात राहिलेलं अल्कोहोल मशीनला फसवतं आणि तेवढ्या वेळात ते बहुतांशी निघून जातं. अटक झालीच तर पोलीस ठाण्यात पुन्हा श्वासचाचणीची संधी देण्याची तरतूद कायद्यातच आहे. बहुतेकांना ती माहीत नसते, म्हणून कुणी मागत नाही.

मशीनमधून जी चिठ्ठी निघते तिच्याकडे नीट बघा. बसच्या तिकिटाएवढी. तिच्यावर तारीख, वेळ, मशीनचा क्रमांक, आकडा आणि खाली सहीची जागा. सही करण्याआधी तिचा फोटो काढायची परवानगी मागा. ही चिठ्ठी बहुतेक वेळा उष्णतेवर छापणाऱ्या कागदाची असते, एटीएमच्या पावतीसारखी. माझ्या एका अशिलाने ती पाकिटात, क्रेडिट कार्डाच्या मागे, जपून ठेवली होती. दहा महिन्यांनी तारखेला त्याने ती उलगडली तेव्हा हातात एक पिवळट कोरी पट्टी होती. वेळ काय छापली होती यावर आमचा निम्मा मुद्दा उभा होता.

हात उचलू नका, ढकलू नका, कॉलर धरू नका, मशीन हिसकावू नका. कलम १८५ जामीनपात्र आहे. सरकारी नोकराला काम करताना बळजबरीने अडवण्याचं कलम, भारतीय न्याय संहितेचं १३२, अजामीनपात्र आहे. रात्री तीनला घरी जाणारा माणूस एका धक्क्यासाठी येरवड्याच्या वाटेला लागू शकतो. पैसे पुढे करणंही तसंच. लाच देणारासुद्धा आरोपी होतो. उलट कुणी मागितलेच, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे.

पोलीस ठाण्यात : वेळा लिहून ठेवा

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण पुढचा सगळा खटला या दोन-तीन तासांच्या कागदांवर चालतो.

पहिली वेळ अटकेची. कलम २०२ प्रमाणे १८५ खाली अटक केलेल्या माणसाची दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी. ती झाली नाही तर त्याला कोठडीतून सोडावं लागतं. लोक यातून भलताच अर्थ काढतात. सुटका कोठडीतून होते. खटला आपोआप पडत नाही. तरीही या वेळांना किंमत आहे. चिठ्ठीवर १२.४८, अटकेच्या पंचनाम्यात १.३० आणि डॉक्टरांच्या कागदावर ३.५५ असेल, तर त्या मधल्या वेळेबद्दल वकिलाला विचारण्यासारखं बरंच असतं. म्हणून सोबत आलेल्या कुणीतरी, ज्याने घेतलेली नाही अशाने, मोबाइलमध्ये चार ओळी लिहाव्यात : किती वाजता अडवलं, किती वाजता ठाण्यात आणलं, किती वाजता दवाखान्यात नेलं, कोण डॉक्टर होते.

अटक का केली हे तुम्हाला सांगणं, आणि तुम्ही सांगाल त्या नातेवाइकाला किंवा मित्राला कळवणं, ही पोलिसांची जबाबदारी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम ४७ आणि ४८ मध्ये आहे. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं. महिलेला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. रक्त घेणारा डॉक्टर पुरुष असेल तर दुसरी स्त्री हजर असल्याशिवाय महिलेचं रक्त घेता येत नाही. मी स्वतः अशा एका रात्री केवळ 'दुसरी स्त्री' म्हणून तासभर बाकड्यावर बसले आहे.

श्वासाच्या मशीनने अल्कोहोल दाखवलं किंवा तुम्ही फुंकायला नकार दिला, तर कलम २०४ खाली रक्ताचा नमुना मागता येतो. पुण्यात त्यासाठी अनेकदा ससून रुग्णालयात नेतात. रक्त घेताना तुम्ही शुद्धीवर असाल तर तीन गोष्टी बघा. कातडी पुसायला स्पिरिटचा बोळा वापरला का. तो वापरायचा नसतो, कारण तेही अल्कोहोलच. कुपी तुमच्यासमोर बंद होऊन सील लागलं का. आणि तिच्यावरच्या चिठ्ठीवर नाव-वेळ तुमचीच आहे का. रक्तासाठी सोडियम फ्लोराइड असलेली कुपी वापरतात. साध्या कुपीत नमुना टिकत नाही, आतल्या जंतूंमुळे अल्कोहोलचं प्रमाण बदलू शकतं. पुढे तो नमुना सरकारच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत जातो. पुण्याची गणेशखिंडीत आहे.

रक्ताच्या कुपीबद्दल पुणेकरांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये पोर्शे गाडीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी चालवणारा १७ वर्षांचा होता. बाल न्याय मंडळाने त्याच्या जामिनासाठी घातलेली ३०० शब्दांच्या निबंधाची अट देशभर गाजली, पण वकिलांच्या खोलीत जास्त चर्चा झाली ती नंतरच्या बातमीची : रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना झालेल्या अटकेची. तेव्हापासून "ओळखीचा डॉक्टर आहे, काही करता येईल का?" असं विचारणाऱ्याला मी फोनवरच थांबवते. सहा महिन्यांच्या जामीनपात्र गुन्ह्यापायी पुरावा नष्ट करण्याचा आणि कटाचा गुन्हा अंगावर घेण्याइतका मूर्खपणा दुसरा नाही. ज्या आईवडिलांना मुलाच्या हातात किल्ली देताना अभिमान वाटतो त्यांच्यासाठी कलम १९९-अ : अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही.

जामीन

गुन्हा जामीनपात्र असल्यामुळे जामीन हा तुमचा हक्क आहे. तो पोलीस ठाण्यातच मिळतो. आपल्याकडे त्याला 'टेबल जामीन' म्हणतात. जातमुचलका, म्हणजे बोलावलं की हजर राहीन अशी तुमची लेखी हमी, लिहून घेतात, कधी जामीनदारही मागतात. जामीनदाराने आधार कार्ड, रेशन कार्ड किंवा पगाराची स्लिप आणि दोन फोटो घेऊन यावं, आणि कृपया तो त्याच पार्टीतून उठून आलेला नसावा. हे विनोदाने लिहीत नाही, असं झालेलं आहे. काही कारणाने जामीन झाला नाही तर २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावंच लागतं.

सही करण्याआधी प्रत्येक कागद वाचा. मराठी वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. कोऱ्या कागदावर सही करू नका. आणि पत्ता देताना जिथे आज राहता तो द्या. लातूरहून शिकायला आलेल्या, वाघोलीत भाड्याने राहणाऱ्या एका मुलाने लायसन्सवरचाच पत्ता सांगितला. समन्स गेलं औशाला, वडिलांच्या हातात. मुलगा पितो हे त्या घराला पोलीस पाटलाच्या साक्षीने कळलं.

गाडी कशी सोडवायची

सोबत लायसन्स असलेला आणि न प्यायलेला माणूस असेल, अपघात नसेल, कागद पुरे असतील, तर गाडी त्याच्या ताब्यात द्या अशी विनंती तिथेच करा, बऱ्याचदा ऐकतात. गाडी ठाण्यात लागली तर जप्तीची पोच घ्या आणि आतल्या वस्तूंची नोंद करायला सांगा. नंतर कोर्टात अर्ज करून सुपुर्तनाम्यावर, म्हणजे मागितली की गाडी हजर करू अशा लेखी हमीवर, ती सोडवता येते. आरसी, विमा, पीयूसी, मालकाचं ओळखपत्र लागतं. वाहनं पोलीस ठाण्याच्या आवारात सडत ठेवू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात बजावलं आहे, त्यामुळे कोर्ट सहसा अडवत नाही. अडतं ते मालकाच्या विमा-पीयूसीपाशी.

लायसन्स : दोन वेगळ्या टांगत्या तलवारी

इथे जवळजवळ प्रत्येक जण गोंधळतो. लायसन्सवर दोन ठिकाणाहून गदा येते, आरटीओकडून आणि कोर्टाकडून, आणि एकीचा दुसरीशी संबंध नाही.

आधी आरटीओ. कलम २०६(४) प्रमाणे पोलिसांनी तुमचं लायसन्स जप्त करून परिवहन खात्याकडे पाठवायचं असतं. तुम्हाला तात्पुरती पोच मिळते. ती जपून ठेवा, पण तिच्यावर गाडी चालवता येत नाही. कायद्यातच लिहिलंय की लायसन्स परत मिळेपर्यंत ही पोच चालवण्याची परवानगी ठरत नाही. डिजिलॉकरमध्ये लायसन्सचं चित्र दिसतंय म्हणून कुणी दुसऱ्या दिवशी निघतं, आणि पुढच्या नाक्यावर यंत्रात नोंद दिसते.

मग नोटीस येते. पुण्याच्या बाबतीत संगम पुलाजवळच्या कार्यालयातून, पिंपरी-चिंचवडचं लायसन्स असेल तर तिथून. नोटीस म्हणजे तुमचं म्हणणं मांडायची संधी. ती वाया घालवू नका. लेखी उत्तर द्या : आकडा किती होता, आधी काही गुन्हा आहे का, किती वर्षं लायसन्स आहे, पोट गाडीवर अवलंबून आहे का, चाचणीत काही त्रुटी होती का. अधिकारी तुमचं ऐकून तुम्हाला मोकळं करू शकतो किंवा कारणं लिहून पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिने अपात्र ठरवू शकतो. दुसऱ्या गुन्ह्याला लायसन्स रद्दच होऊ शकतं. लायसन्स परत मिळण्यासाठी चालकांचा उजळणी प्रशिक्षण वर्ग पुरा करावा लागतो. आदेश मान्य नसेल तर तीस दिवसांत अपील आहे. हे तीस दिवस नोटीस "येऊ दे, बघू" म्हणत फ्रिजवर ठेवलेल्या माणसाचे कधी संपतात कळत नाही.

दुसरी तलवार कोर्टाची. कलम २०(२) म्हणतं, १८५ खाली दोषी ठरवलं की कोर्टाने किमान सहा महिने तुम्हाला लायसन्ससाठी अपात्र ठरवायचंच आहे. 'ठरवू शकेल' असं नाही, 'ठरवील' असं. आरटीओचे तीन महिने संपवून, वर्ग पुरा करून, लायसन्स खिशात घालून कोर्टात आलेला माणूस गुन्हा कबूल करतो आणि पुन्हा सहा महिन्यांसाठी पायी घरी जातो.

अपात्र असताना गाडी चालवली तर कलम १८२ : तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही. त्यात अपघात झाला तर विमा कंपनी हात झटकायला मोकळी.

कोर्ट

पहिल्या गुन्ह्यासाठी कोर्टाने दखल घेण्याची मुदत साधारण एक वर्ष आहे. त्यामुळे चार महिने काही आलं नाही म्हणजे मिटलं असं नाही. ई-कोर्ट्सच्या ॲपवर अधूनमधून नावाने शोधा. समन्सच्या तारखेला गैरहजर राहिलात तर वॉरंट निघतं, आधी जामीनपात्र, मग अजामीनपात्र. आणि मग तो साधा गुन्हा तुम्हाला ऑफिसातून उचलून नेण्याइतका मोठा होतो.

तारखेच्या दिवशी काय होतं ते सांगते. अकराच्या आत पोचा. बोर्डावर तुमचा नंबर शोधा. शिपाई नावाचा पुकारा करतो. गर्दी इतकी असते की पुकारा ऐकू न आल्याने माणसं दारातच गैरहजर लागतात. मग आरोपीच्या जागी उभं करून गुन्ह्याचा तपशील वाचून दाखवतात आणि विचारतात : गुन्हा कबूल आहे का?

त्या क्षणी मागच्या बाकावरचा कुणीतरी नेहमी पुटपुटतो, "हो म्हण, दहा हजार भर, सुट."

हो म्हणायचं की नाही हा निर्णय तुमचा. पण 'हो' मध्ये काय काय आहे ते आधी मोजा. दंड किंवा कैद. बऱ्याचदा कोर्ट उठेपर्यंतची कैद देतात, म्हणजे दिवसभर तिथेच बसायचं, पण कागदावर ती शिक्षाच. त्यावर किमान सहा महिने लायसन्स नाही. तुमच्या नावावर दोषसिद्धी. आणि पुन्हा कधी सापडलात तर तो दुसरा गुन्हा, म्हणजे दोन वर्षांपर्यंत. ज्याचा आकडा १४० आहे, कागद चोख आहेत, रक्ताचा अहवालही तसाच आहे, त्याला मी स्वतःच कबुलीचा सल्ला देते. तीन वर्षं तारखा करून हाती काही लागत नाही. पहिलाच गुन्हा असेल तर १९५८ च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याखाली सौम्य वागणुकीची विनंती करता येते, देणं कोर्टाच्या मर्जीवर.

पण आकडा ३४ असेल, चिठ्ठीवरची वेळ आणि पंचनाम्यातली वेळ जुळत नसेल, मशीन शेवटचं कधी प्रमाणित केलं त्याचा कागद नसेल, कुपीचं सील तुटलेलं पोचलं असेल, तर लढण्यात अर्थ आहे. आधी खटल्याच्या कागदांची प्रत मागा, वकिलाला दाखवा, मग बोला. नुसता डॉक्टरांचा "तोंडाला दारूचा वास, चाल डळमळीत" हा शेरा पुरेसा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये बच्चूभाई करियानी प्रकरणात म्हटलं होतं. ते प्रकरणही आपल्याच राज्यातलं.

वकील परवडत नसेल तर शिवाजीनगर कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, हेल्पलाइन १५१००. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेली कुणीही व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

कुणाला लागलं असेल तर

मग वर लिहिलेलं सगळं दुय्यम. जखमीला दवाखान्यात पोचवणं आणि पोलिसांना कळवणं हे चालकाचं कायद्याने ठरलेलं काम आहे. बेदरकारपणे चालवल्याचं न्याय संहितेचं २८१ लागतं, दुखापत झाली तर १२५, निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर १०६, म्हणजे पाच वर्षांपर्यंत. आणि दारू पिऊन माणूस मारला तर सदोष मनुष्यवधाचं १०५ सुद्धा लागू शकतं. मुंबईतल्या कार्टर रोडवर २००६ मध्ये फुटपाथवर झोपलेल्या मजुरांना गाडीने चिरडलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये त्या चालकाची तीन वर्षांची शिक्षा कायम केली ती सदोष मनुष्यवधाच्याच कलमाखाली. असा फोन आला की मी फौजदारीतल्या ज्येष्ठांना जोडून घेते. तुम्हीही रात्रीतच घ्या.

विमा, पासपोर्ट, व्हिसा

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा दारूच्या कारणावरून फेटाळता येतो. इथे एक गंमत आहे. फौजदारी खटल्यात रक्ताचा अहवाल नसणं आरोपीला उपयोगी पडतं. विम्यात तसं नाही. दिल्लीत २००७ मध्ये फुटपाथवर आदळलेल्या एका पोर्शेच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं की रक्त-श्वासाची चाचणी नसली तरी इतर परिस्थितीवरून दारूचा अंमल सिद्ध झाला तर कंपनी नकार देऊ शकते. म्हणजे त्याच रात्रीच्या त्याच कागदांवर माणूस खटल्यातून सुटू शकतो आणि गाडीचे पैसे मात्र जातात. समोरच्या जखमीला भरपाई द्यायची वेळ आली तर कोर्ट बऱ्याचदा कंपनीला आधी द्यायला लावतं आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतं.

खटला चालू असताना पासपोर्टचं नूतनीकरण करायचं तर कोर्टाची परवानगी लागते, आणि अर्जात खटला लपवला तर ती वेगळी अडचण. अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जात 'कधी अटक झाली होती का' असा सरळ प्रश्न आहे. दोषी ठरलात का, एवढंच विचारत नाहीत. आयटीतल्या माझ्या अशिलांना कैदेपेक्षा या ओळीने जास्त घाम फुटतो. उत्तर खरंच द्या आणि सोबत कोर्टाच्या आदेशाची प्रमाणित नक्कल जोडा. नक्कल निकालाच्या दिवशीच मागा. दोन वर्षांनी रेकॉर्ड रूममधून काढायला जी पायपीट होते ती मी केलेली आहे.

मुंढव्याच्या दाजींचं काय झालं विचाराल, तर आकडा ८७ होता, वेळा जुळत होत्या, त्यांनी कबुली दिली. सहा महिने रोज सकाळी ते स्वारगेटहून पीएमपीने कात्रजला जात होते. लायसन्स हातात आल्यावर त्यांनी मला फोटो पाठवला. मी उलट विचारलं, परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर स्थिती 'चालू' दाखवते का ते बघितलंत? बघितलं नव्हतं. तिथे अजून 'निलंबित' होतं, आणि संगम पुलाच्या खिडकीवर आणखी एक चक्कर झाली.